अपूर्ण माहितीपट कार्यशाळेत दाखवताना

संकलन अर्ध्यावर आलेला माहितीपट कार्यशाळेत दाखवण्याचा मुख्य उद्देश एकच असतो. दिग्दर्शकाला जे ठाऊक आहे ते पडद्यावर खरोखर आले आहे की नाही, हे तपासायचे असते. एखाद्या विषयासोबत दीड-दोन वर्षे काढलेल्या माणसाला प्रत्येक चेहऱ्यामागची हकीकत माहीत असते, त्यामुळे चित्रपटात नसलेल्या गोष्टीही त्याला तिथे दिसत राहतात, आणि काही महिन्यांनी संकलकाचेही तसेच होते. विषयाची काहीच पूर्वकल्पना नसलेली नजर या दोघांजवळ उरलेली नसते, आणि कार्यशाळेत जमलेल्या दहा-पंधरा चित्रपटकर्मींकडून तीच मागून घ्यायची असते. उपाय सुचवणारेही तिथे पुष्कळ भेटतात, परंतु उपाय शोधण्याचे काम आपल्या संकलनाच्या टेबलावरच करावे लागते. पुढील सूचना या भूमिकेतून केलेल्या आहेत. बोलणे हवेत राहू नये म्हणून एक कल्पित उदाहरण धरून चालू: बीड जिल्ह्यातून गळीत हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांवरचा, सुमारे ७० मिनिटांचा करायचा असलेला माहितीपट.

कोणत्या टप्प्यावर, कोणासमोर

निवडलेली सगळी दृश्ये एकापुढे एक जोडून केलेली असेंब्ली बाहेरच्यांना दाखवू नये. तीन-चार तासांच्या त्या जुळणीत चित्रपटाचा आकार अजून संकलकाच्या डोक्यातच असतो, आणि पाहणारा कंटाळला तो लांबीमुळे की मांडणीमुळे, हे त्यालाही सांगता येत नाही. उलट पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे चित्रांचा क्रम आणि लांबी पक्की करून ध्वनिमिश्रणाच्या तारखाही घेतल्यावर, दाखवलेला चित्रपट शाबासकीसाठी दाखवलेला असतो, आणि जमलेल्या मंडळींच्या ते लगेच लक्षात येते. योग्य वेळ या दोन टोकांच्या मध्ये आहे. सुरुवात, मध्य आणि शेवट निदान एकदा ठरलेले असावेत, लांबी अंतिम लांबीपेक्षा वीस-पंचवीस टक्क्यांनी जास्त असायला हरकत नाही, आणि एखादा आख्खा भाग काढून टाकावा लागला तर तेवढा वेळ आणि तेवढे पैसे शिल्लक असावेत. आपल्या उदाहरणात हा ८५ ते ९० मिनिटांचा रफ कट, म्हणजे कच्चे संकलन, होईल.

माहितीपटाच्या बाबतीत आणखी एक हिशेब असतो, जो कथापटवाल्यांना सहसा करावा लागत नाही. ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि हंगाम साधारण मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. मे महिन्यातल्या कार्यशाळेत एखाद्या अत्यावश्यक दृश्याची उणीव कळली, तर ते चित्रित करण्यासाठी पुढच्या दिवाळीची वाट पाहावी लागते, आणि तीच कुटुंबे त्याच मुकादमाबरोबर, म्हणजे मजुरांची टोळी जमवून नेणाऱ्या माणसाबरोबर, त्याच कारखान्यावर जातील याची खात्री नसते. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत, उसाचे फड अजून उभे असताना, थोडा जास्तच कच्चा कट दाखवणे शहाणपणाचे ठरते. वारी, पेरणी, निवडणूक, शाळेचे वर्ष अशा ज्या ज्या विषयांना ऋतूचे वेळापत्रक असते त्या सर्वांना हे लागू आहे.

समोर कोण बसणार आहे याचा विचार याहून जास्त काळजीने करावा. सगळ्या कार्यशाळा एका जातीच्या नसतात. काही ठिकाणी संकलनावर काम होते, तर काही ठिकाणी मार्गदर्शनाच्या शेवटी निधी देणाऱ्या आणि प्रक्षेपण करणाऱ्या संस्थांसमोर पिचिंग, म्हणजे पाठबळ मागण्यासाठी चित्रपटाची मांडणी, असते. कोलकात्याच्या डॉकएजसारख्या उपक्रमात मार्गदर्शन आणि पिचिंग एकाच आठवड्यात येते. गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत भरणाऱ्या, २००७ साली सुरू झालेल्या फिल्म बाजारात (आता ‘वेव्हज फिल्म बाजार’) अपूर्ण चित्रपटांसाठी वेगळी लॅब असते, पण त्याच आवारात महोत्सवांचे निवडकर्ते आणि वितरकही फिरत असतात. निवडकर्त्याने एकदा पाहिलेला चित्रपट तो पूर्ण झाल्यावर पुन्हा तितक्याच कोऱ्या मनाने पाहील, ही अपेक्षा व्यवहारात फारशी खरी होत नाही. म्हणून पहिले प्रदर्शन घरच्यासारख्या गटात करावे आणि ज्यांच्या होकारावर चित्रपटाचे भवितव्य अवलंबून आहे त्यांच्यासमोर दुसरा किंवा तिसरा कट न्यावा. गटात निदान दोघे-तिघे संकलक असावेत, विषयाचा गंध नसलेले काही जण असावेत, आणि विषय आतून जाणणारा एखादा असावा. या शेवटच्या माणसाचे म्हणणे मात्र वेगळे नोंदवावे, कारण तो चित्रपटातल्या गाळलेल्या जागा स्वतःच्या माहितीने भरून घेतो.

कार्यशाळेत प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तासच येणार असेल, तर ९० मिनिटांतले काय दाखवावे हा प्रश्न उरतो. निवडक उत्तम प्रसंगांची माळ करून नेण्याचा मोह होतो, आणि तिला दादही मिळते, परंतु त्यातून चित्रपट चालतो की नाही हे कळत नाही. पहिली वीस मिनिटे जशीच्या तशी आणि ज्याविषयी स्वतःलाच शंका आहे असा मधला एक सलग प्रसंग, ही निवड जास्त उपयोगी पडते. आयोजकांना विचारून दोन-तीन जणांना संपूर्ण कट आधी दाखवता आला, तर शेवटाविषयीही बोलता येते.

कट पाहण्याजोगा करणे

रफ कट कच्चा असला तरी त्याचा ध्वनी कच्चा नसावा. चित्राचा रंग फिका आहे हे प्रेक्षक दोन मिनिटांत विसरतात. मुकादम ट्रॅक्टरच्या आवाजाखाली काय बोलला हे ऐकू आले नाही, तर ते चिडतात आणि पुढच्या चर्चेचा निम्मा वेळ त्यावर जातो. बोलण्याची पातळी सर्वत्र सारखी करावी, कानाला बोचणारे कट मऊ करावेत, आणि वाऱ्याची घरघर जमेल तेवढी काढावी. पूर्ण ध्वनिमिश्रणाची गरज नाही. लॉगमध्ये, म्हणजे रंग नंतर दुरुस्त करता यावेत म्हणून फिक्या स्वरूपात, चित्रित केलेले धुरकट फुटेज मात्र तसेच दाखवू नये. त्यावर साधा लट (LUT, रंग सुधारणारी तयार फाइल) चढवून चेहरे चेहऱ्यांसारखे दिसतील एवढे करावे.

तात्पुरत्या संगीताबाबत माझे मत कडक आहे: पहिल्या प्रदर्शनात ते शक्यतो वापरूच नये. दुसऱ्या चित्रपटातून उचललेली गाजलेली धून कमकुवत प्रसंगालाही डोळ्यांत पाणी आणते, त्यामुळे प्रसंग उभा राहतो आहे की धून त्याला उभे करते आहे हे समजत नाही, आणि पुढे हक्क न मिळाल्याने ती धून काढावी लागली की तो प्रसंग कोसळतो. निवेदन ठेवायचे असेल तर दिग्दर्शकाने स्वतःच्या आवाजात मोबाइलवर वाचून घातलेले चालते. जे प्रसंग अजून चित्रित व्हायचे आहेत त्यांच्या जागी काळ्या पाटीवर एक ओळ लिहावी, उदाहरणार्थ ‘इथे हंगाम संपल्यावर मुकादमाशी होणारा हिशेब येईल’. अशी पाटी पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये आणि आख्ख्या चित्रपटात तीन-चारांहून जास्त पाट्या असतील तर कट अजून दाखवण्याजोगा झालेला नाही असे समजावे.

चित्राच्या कोपऱ्यात टाइमकोड, म्हणजे त्या क्षणाची वेळ दाखवणारे आकडे, छापलेला असावा, म्हणजे ‘तो बैलगाडीचा शॉट’ असे मोघम न बोलता नेमकी जागा सांगता येते. सबटायटल पूर्ण असावीत, मग ती तात्पुरती का असेनात. इंग्रजी सबटायटल एका वेळी दोनपेक्षा जास्त ओळींची नसावीत आणि एका ओळीत साधारण ४० अक्षरांच्या पलीकडे जाऊ नये. सगळे प्रेक्षक मराठी असले तरी बीडच्या बाईचे वेगात बोललेले वाक्य मुंबईच्या माणसाला पहिल्या ऐकण्यात कळतेच असे नाही, तेव्हा कठीण जागी मराठी ओळी देण्यात कमीपणा मानू नये. फाइल १०८०पी, एच.२६४ स्वरूपात काढावी, तिची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी, आणि प्रेक्षक येण्याच्या अर्धा तास आधी त्याच प्रोजेक्टरवर, त्याच स्पीकरवर सुरुवातीची व शेवटची पाच मिनिटे चालवून पाहावीत. केवळ हेडफोनवर ऐकून केलेली आवाजाची पातळी सभागृहात हमखास फसवते.

चित्रपटातल्या माणसांचे काय

कार्यशाळेच्या धावपळीत हा भाग नेहमी राहून जातो. एखाद्या ऊसतोड मजुराने कॅमेऱ्यासमोर बोलायला संमती दिली, ती पूर्ण झालेल्या चित्रपटासाठी दिलेली असते. रफ कटमध्ये त्याने मुकादमाविषयी काढलेले असे शब्द असू शकतात, जे अंतिम चित्रपटात कदाचित ठेवले जाणार नाहीत. त्याने मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि पुढच्या हंगामात त्याच माणसाकडे त्याला पुन्हा जायचे असते. त्या बोलण्याची मोबाइलवर घेतलेली तीस सेकंदांची चित्रफीत व्हॉट्सॲपवरून गावात पोहोचली, तर नुकसान दिग्दर्शकाचे होत नाही. म्हणून प्रदर्शनापूर्वी फोन बंद करून पिशवीत ठेवण्याची विनंती स्पष्ट शब्दांत करावी. चित्रपट लिंकवरून पाठवायचा असेल, तर प्रत्येकाच्या नावाचा वॉटरमार्क आणि पासवर्ड असलेली वेगळी लिंक द्यावी आणि चर्चा झाली की ती बंद करावी.

जी ओळख लपवायची आहे ती रफ कटमध्येही लपवलेलीच असावी. ‘शेवटी ब्लर करू’ ही सबब इथे चालत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाची ओळख उघड होईल असा मजकूर किंवा चित्र प्रसिद्ध करण्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ मनाई करते, आणि अशी दृश्ये ‘हे तर फक्त आपापसांत आहे’ म्हणून उघड्या चेहऱ्याने फिरवणे कायदा बाजूला ठेवला तरी गैरच आहे. नाव, गाव, शाळेचा गणवेश, भिंतीवरची पाटी, या सगळ्यांवरून माणूस ओळखता येतो. केवळ डोळ्यांवर पट्टी टाकून भागत नाही.

दाखवताना

प्रास्ताविक दोन मिनिटांपेक्षा लांबू नये. कट कोणत्या टप्प्यावर आहे, लांबी किती आहे, काय यायचे बाकी आहे आणि हा चित्रपट कोणत्या प्रेक्षकासाठी करायचा आहे, एवढेच सांगावे. चित्रपट कशाविषयी आहे हे सांगू नये, कारण तेच तर तपासायचे आहे. ‘हा चित्रपट ऊसतोड बाईच्या श्रमाच्या अदृश्यतेविषयी आहे’ असे एकदा बोलून गेले की प्रेक्षक तो अर्थ धरूनच पाहतात आणि नंतर तोच परत करतात. माफी मागणेही टाळावे. ‘आवाज नीट नाही, कॅमेरा हलतो, वेळच मिळाला नाही’ अशी यादी ऐकलेले प्रेक्षक दोष शोधतच पाहायला लागतात.

दिवे मालवल्यावर दिग्दर्शकाने पडद्याकडे पाहू नये. बाजूला, जिथून माणसांचे चेहरे आणि खांदे दिसतील अशा जागी बसावे आणि वहीत टाइमकोड टिपत जावे: इथे खुर्च्या करकरल्या, इथे दोघांनी घड्याळ पाहिले, इथे अनपेक्षितपणे हसू आले, इथे खोकणे थांबले. चर्चेत माणसे विचार करून, सभ्यपणे बोलतात. अंगाची हालचाल तसा विचार करत नाही. पुढे चर्चेतले मत आणि वहीतली नोंद यांत फरक पडला, तर मी वहीवर जास्त विश्वास ठेवीन.

चर्चा

चित्रपट संपल्याबरोबर बोलणे सुरू होऊ देऊ नये. आधी प्रत्येकाला काही प्रश्न लिहिलेला कागद देऊन पाच-सात मिनिटे काहीही न बोलता लिहायला सांगावे. याला आपल्याकडे खास कारण आहे. गटात एखादे ज्येष्ठ दिग्दर्शक किंवा प्राध्यापक असले की पहिले बोलणे त्यांच्याकडे जाते आणि त्यानंतरचे सगळे ‘सरांनी म्हटल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करतात. कागदावरची मते त्यापूर्वीची असतात. शक्य झाल्यास ज्येष्ठांना शेवटी बोलण्याची विनंती करावी, आणि ही विनंती आयोजकांनी केलेली बरी. दुसरी अडचण आपल्या सौजन्याची आहे. सभागृहात ‘छान झालंय, मेहनत दिसते’ म्हणणारा माणूस बाहेर चहाच्या टपरीवर ‘मध्ये जरा झोप आली’ हे खरे सांगतो. लेखी कागदावर नाव लिहायची सक्ती केली नाही, तर टपरीवरचे बोलणे आतही मिळू शकते.

कागदावर ‘कसा वाटला?’ असा प्रश्न असू नये. त्याचे उत्तर सगळ्यांना आधीपासून पाठ असते. त्याऐवजी वस्तुस्थिती विचारावी. चित्रपट कोणाचा आहे असे वाटले? कोणती तीन दृश्ये आता डोळ्यांसमोर आहेत? कुठे गोंधळ झाला? चित्रपट संपला असे पहिल्यांदा कुठे वाटले? कोणत्या माणसावर विश्वास बसला नाही? यांतला चौथा प्रश्न दिसतो त्यापेक्षा फार कामाचा आहे. ७८व्या मिनिटाला कुटुंब ट्रकमधून गावी परतते तेव्हा चित्रपट संपला असे बहुतेकांना वाटले असेल, तर पुढची दहा मिनिटे कितीही चांगली असली तरी ती दुसऱ्या चित्रपटासारखी पाहिली जातात.

चर्चेचे संचालन दिग्दर्शकाने स्वतः करू नये. अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९०च्या सुमारास मांडलेली एक पद्धत आज अनेक कलाक्षेत्रांत वापरली जाते आणि माहितीपटालाही ती चांगली लागू पडते. तिच्यात चार पायऱ्या आहेत. प्रथम प्रेक्षक त्यांना काय भिडले, काय लक्षात राहिले ते सांगतात. मग कलावंत आपले प्रश्न विचारतो. त्यानंतर प्रेक्षक प्रश्न विचारतात, पण त्या प्रश्नांत मत दडवायचे नसते. शेवटी ‘अमुक गोष्टीबद्दल माझे एक मत आहे, ऐकायला आवडेल का?’ अशी परवानगी घेऊन मत दिले जाते, आणि कलावंताला नको म्हणण्याची मुभा असते. तिसरी पायरी सर्वांत अवघड जाते. ‘तुम्ही मुकादमाला एवढा वेळ का दिलात?’ हे प्रश्नचिन्ह लावलेले मत आहे. ‘मुकादम तुमच्या दृष्टीने कोण आहे?’ हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देताना दिग्दर्शकाला अनेकदा स्वतःलाच कळते की ते आपण अजून ठरवलेले नाही.

दिग्दर्शकाने उत्तरे थोडक्यात द्यावीत आणि बचाव अजिबात करू नये. ‘ते पुढे स्पष्ट होतं’, ‘त्याचं फुटेज आहे, पण घेतलं नाही’ ही वाक्ये तोंडून निघाली की समोरची माणसे बोलायची थांबतात. संकलकाने सोबत बसून शब्दशः टिपणे घ्यावीत, आणि सर्वांच्या संमतीने ध्वनिमुद्रण करता आले तर फारच चांगले, कारण ताणाखाली ऐकलेल्या दहा सूचनांपैकी टोचणारी एकच लक्षात राहते.

आलेल्या सूचनांत सर्वांत जास्त संख्या उपायांची असेल, आणि त्यांतही ‘इथे कॉमेंटरी टाका’ हा उपाय आपल्याकडे ठरलेला. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे वृत्तपट आणि माहितीपट अनेक दशके चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी दाखवणे सक्तीचे होते. त्यांतला भारदस्त निवेदकाचा आवाज म्हणजेच माहितीपट, अशी कित्येकांची सवय झाली ती झालीच. ही सूचना हसण्यावारी नेऊ नये आणि पाळूही नये. ‘या जागी मला एक माहिती कमी पडली’ असा तिचा अर्थ लावावा आणि कोणती माहिती, हे विचारून घ्यावे.

उदाहरणार्थ, ४१व्या मिनिटाचा एक प्रसंग घेऊ. कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, ताप आलेली बाई आहे, नवरा एकटाच फडावर जावे की नाही या घोळात बसून आहे, आणि कॅमेरा चार मिनिटे तिथेच थांबतो. पाच जण म्हणतात की प्रसंग लांबला आहे. दोघे म्हणतात की तो काढूनच टाका. एक जण संगीत सुचवतो. प्रसंग निम्मा केला तरी तक्रार जात नाही, कारण अडचण त्याच्या लांबीत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, दोघांतले एक बसले तरी काम अडते आणि पडलेला खाडा, म्हणजे कामाचा बुडालेला दिवस, उचलीच्या हिशेबात त्यांच्या अंगावर येतो, हे प्रेक्षकाला कुठेच सांगितलेले नाही. ते ठाऊक असलेल्या माणसाला त्या चार मिनिटांत पोटात गोळा येतो, आणि ठाऊक नसलेल्याला फक्त एक आजारी बाई दिसते. उपाय बाराव्या मिनिटाला आहे, जिथे मुकादम वहीत नावे लिहितो आहे. तिथे खाड्याविषयीचे त्याचे एक वाक्य, जे फुटेजमध्ये बहुधा असतेच, परत आणावे लागेल. तक्रार एका जागी आणि कारण तीस मिनिटे आधी, हे माहितीपटात इतके नेहमीचे आहे की प्रत्येक तक्रारीबरोबर मागे जाऊन ‘इथे येईपर्यंत प्रेक्षकाला काय माहीत आहे?’ याची यादी करण्याची सवयच लावून घ्यावी.

आणखी एका प्रकारच्या सूचना ओळखता यायला हव्यात. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली देशभर बातम्यांत आला. त्यामुळे या माहितीपटाला येणारा जाणता प्रेक्षक त्या विषयाची वाट पाहतच बसतो आणि तो आला नाही की ‘हे कसे सुटले?’ असे विचारतो. तो आपल्या मनातला चित्रपट मागतो आहे. विषय घ्यायचा नाही असे ठरलेले असेल, तर ते ठाम राहू द्यावे. मात्र प्रश्न पुन्हा पुन्हा आला, तर चित्रपटाने सुरुवातीलाच आपली कक्षा पुरेशी स्पष्ट केलेली नाही एवढा बोध घ्यावा.

नंतरचे काम

त्याच रात्री संकलन उघडू नये. तीन-चार दिवस जाऊ द्यावेत, मग कागद, वही आणि ध्वनिमुद्रण एकत्र करून टाइमकोडच्या क्रमाने एक तक्ता करावा: जागा, जाणवलेली अडचण, किती जणांना जाणवली, सुचवलेला उपाय. उपायांचा स्तंभ पहिल्या वाचनात झाकून ठेवावा. संख्येलाही आंधळेपणाने मानू नये. आठ जणांना खटकलेली जागा पाहायलाच हवी, परंतु एकाच संकलकाने एकाच शॉटविषयी काढलेली शंका कधी कधी आठांहून भारी असते. एखाद्या जागेवर निम्मे लोक भारावले आणि निम्मे चिडले असतील, तर ती जागा बहुधा जिवंत आहे. तिला हात लावण्याची घाई करू नये. मोठे बदल टाइमलाइनची प्रत काढून त्यावरच करावेत आणि जुना कट तारखेसह जपून ठेवावा, कारण तिसऱ्या आठवड्यात तो बरा वाटू लागण्याची शक्यता असते.

दुसऱ्या प्रदर्शनासाठी गट बदलावा. पहिल्या मंडळींना आता खाडा म्हणजे काय हे माहीत झाले आहे, त्यामुळे बारावे मिनिट दुरुस्त झाले की नाही हे ते सांगू शकत नाहीत. जुन्यांपैकी फार तर एका-दोघांना ठेवावे, आणि बाकी कोरी माणसे घेऊन कागदावरचे प्रश्न तेच ठेवावेत, म्हणजे दोन्ही वेळची उत्तरे शेजारी ठेवून वाचता येतात. ज्यांच्यावर चित्रपट आहे त्या कुटुंबांना दाखवण्याचा कार्यक्रम यात मिसळू नये. तो पिक्चर लॉकच्या आधी, ती कुटुंबे गावी परतलेली असताना, त्यांच्या वस्तीवर वेगळा करावा आणि त्यात रचनेविषयी काहीही विचारू नये. कोणते वाक्य, कोणता चेहरा बाहेर गेला तर त्यांना त्रास होईल, एवढेच विचारावे आणि जे काढायला सांगितले जाईल ते त्यांच्यासमोर टाइमकोडसह लिहून घ्यावे.